पौर्णिमेची सभा

सर, तुम्ही गेल्यापासून अंधेरीच्या आपल्या ऑफिसात पंचांग उरलेलं नाही. ते तुमच्या टेबलामागे टांगलेलं असायचं आणि मी, संस्कृत शिकून मासे मोजायला आलेला, तुम्हाला चिडवायचो, "सर, तुम्ही मत्स्यशास्त्रज्ञ की भटजी?" तुम्ही चष्म्यावरून बघायचात. "अरे पंडिता, कोळीवाड्यात सभा अष्टमीलाच. भांगाचं पाणी मंद, भरती-ओहोटीला जोर नाही, ओढीवर चालणारी डोलजाळी लागत नाहीत, बापये घरी असतात. पौर्णिमेच्या उधाणात तुझं भाषण ऐकायला फक्त कावळे." मग सभेत जमिनीवर मांडी घालून तुम्ही मनूची गोष्ट सांगता: ओंजळीत आलेलं माशाचं पिल्लू त्यानं जगवलं, म्हणून प्रलयात त्याची नाव तरली. म्हातारा नाखवा हसतो, "म्हंजे आमी मनू काय?" आणि हसतहसतच सगळे मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, जाळी लावायला राजी होतात, पापलेटचं पिल्लू निसटावं म्हणून. तो शब्द दर हंगामाला सभेत नव्यानं घ्यावा लागायचा. लेखी काहीच नव्हतं, तुम्ही होतात.

यंदा नव्या साहेबांनी सभा पौर्णिमेला ठेवली. मी म्हटलं, त्या दिवशी उधाण आहे. "यार, संडे आहे ना, सगळे फ्री असतील." बॅनर झकास होता, 'पिल्ले वाचवा', आणि मागे डॉल्फिन. समोर रिकाम्या खुर्च्या आणि कडेला चार कोळणी. तुम्हाला मास्तर म्हणणारी मावशी त्यांत होती. "बापये दर्यान गेलेन," ती म्हणाली. "मास्तर असता तं असा दिस धरला नसता." साहेबांनी तिच्याच हाती बॅनर देऊन फोटो काढला आणि अहवालात सभा यशस्वी झाली. शब्द कुणी मागितला नाही, कुणी दिला नाही. थोड्याच दिवसांत बारीक आसाची जाळी पाण्यात उतरली. मोठ्या माशानं लहान मासा गिळावा, हा मात्स्यन्याय मला घोकून पाठ करावा लागला होता. आमच्या ऑफिसला तो उपजतच येतो.

काल बाजारात मावशीनंच हाक मारली आणि हातावर पिशवी ठेवली. आत तळहातात मावतील अशी पापलेटं. "घे रं पंडिता, तुमच्या फोटूची पोरं." मी परत द्यायला हवी होती, तुम्ही दिली असतीत. हे पत्र टाकावं अशी पेटी कुठे नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो. तळून खाल्ली, सर. गोड होती.