सुमनच्या जिवंत गोळ्या

१८ जाने., रवि.
चूक माझीच. सकाळी सुमन कानाशी येऊन काहीतरी सांगत होती आणि मी तोंड फिरवलं. तिच्या तोंडाच्या वासामुळं. तिनं ते पाहिलं. दिवसभर तोंडाला पदर लावूनच बोलली. चाळीस वर्षं माझ्या खाकी कपड्यांचा, एसटीच्या डिझेलचा वास सोसला बाईनं, आणि मी...

२१ जाने., बुध.
सुमनला घेऊन पडेगावहून रिक्षानं औरंगपुऱ्यात, दातांच्या डॉ. बाईंकडं. हिरड्या सुजल्यात. दात साफ केले, मिसरी बंद सांगितली. वर चघळायच्या गोळ्या. त्यात चांगले जंतू असतात म्हणे, ते वाईट जंतूंची जागा घेतात. ब्रश केल्यावर एक, तोंडात विरघळू द्यायची, वर पाणी नाही. गुण येईलच असं नाही, हेही सांगितलं.

२३ जाने., शुक्र.
गोळ्या जशाच्या तशा. शहाणपणा माझाच, पाकिटावरचं मोठ्यानं वाचलं: जिवंत जंतू.
"रोज पंचशील म्हणते, जीव मारणार नाय म्हणते, अन् जिवंतच खाऊ व्हय?"
म्हटलं, दह्यात पण असतात की. झालं. आज कढी नाही. दहीसुद्धा बंद. आगीतून फुफाट्यात.

१ फेब्रु., रवि. पौर्णिमा
विहारात वंदना सुमन सांगते, बाया मागून म्हणतात. आज शेवटच्या रांगेत बसली. घसा बसलाय म्हणाली. पुढं बसलेली दुसरी बाई दोनदा अडखळली. दोन्ही वेळा सुमनचे ओठ हलले, पण आवाज काढला नाही. फार वाईट वाटलं.

२ फेब्रु., सोम.
डॉ. बाईंना फोन लावून सुमनच्या हातात दिला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, आजी, त्यांना मारायचं नाही, पाळायचंय. तोंडात बिऱ्हाड करू द्या त्यांना.
"मंग चावायची नाय," सुमन एवढंच म्हणाली. संध्याकाळी दही विरजलं.

१४ फेब्रु., शनि.
जेवण, ब्रश, मग गोळी. ती विरघळेपर्यंत सुमन बोलत नाही. मीही नाही. दोघं पायरीवर बसतो. काल तिनं माझा हात धरला, पण पदर तोंडावरच.
मिसरीची डबी स्वतःच फेकली तिनं. दुपारी बोट अजून हिरडीकडं जातं. रिकामंच.

३ मार्च, मंगळ. पौर्णिमा
पांढरी साडी नेसून सुमन समोर आली. अगदी जवळ. पदर खाली.
"आता सांगा वास येतो का. अन् खोटं नगा बोलू, पंचशील तुमी बी घेतलंय."
"थोडा येतो. पहिल्यासारखा नाय."
तोंड फिरवलं नाही. तिथंच उभा राहिलो. ती माझ्याकडं बघत राहिली, नीट, पारखून.
"मंग पुढं बसू का मागं?"
"पुढं."
पदर तसाच खाली ठेवून ती बाहेर चपला घालतेय. हे लिहून मीही निघतो.