दुसऱ्या टेबलावरून

रविवार, ९ मार्च

प्रिय गोट्या,

तुला आणि भावजयीला ताईचे खूप खूप आशीर्वाद. मी आणि सून, आम्ही दोघी मजेत आहोत. तुझा गुडघा काय म्हणतो? हे फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानेच भरतोस. मागच्या वेळी मी सांगितलं, ‘चष्मा बदलला,’ तर तू म्हणालास, ‘अरे वा, मग कधी निघतेस?’ त्यापेक्षा पत्र बरं.

अक्षर वाकडंतिकडं आलंय, तिकडे लक्ष देऊ नकोस. पेन बदललंय.

वरच्या खोलीला माझ्यासाठी रंग दिलास, खिडकीला जाळी बसवलीस, हे तुझ्या पत्रात वाचलं. एवढा गुडघा दुखतोय तर शिडीवर चढायला तुला सांगितलं कुणी? जाळी बसवलीस ते बरं केलंस. बाकीचं सावकाश लिहीन.

भावजयीने विचारलंय की मी दुकानात दिवसभर करते तरी काय. तिला बहुतेक वाटतं, सून लॅपटॉप दुरुस्त करते आणि मी चहा करते. तिला सांग, चहा सून करते आणि पाणचट करते. मी दुसऱ्या टेबलावर बसते. ते टेबल लेकाचं. तो गेल्यावर कितीतरी महिने आम्ही दोघी त्याच्यावर नुसत्या रिकाम्या खोक्यांची रास लावत होतो. मग एकदा सून म्हणाली, “आई, तुमचा हात शिवणकामाचा आहे. तुम्ही बसून तर बघा.” बसले ती बसलेच.

लॅपटॉप उपडा करायचा, खालचे स्क्रू काढायचे. दिसायला सगळे सारखे, पण काही आखूड, काही लांब. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला की वरचं प्लॅस्टिक फोडून बाहेर डोकावतो. म्हणून मी प्रत्येक स्क्रू ज्या कोपऱ्यातून काढला त्याच क्रमाने मांडून ठेवते. मग कड्या न मोडता झाकण उकलायचं. आधी बॅटरीची पिन सोडवायची, मगच बाकी कशाला हात लावायचा. आत पंखा असतो. त्याच्यामागच्या जाळीत धूळ आणि केस बसून अगदी गादीच्या कापसासारखा थर होतो, मग गरम हवेला वाटच राहत नाही. लोक म्हणतात, “मशीन म्हातारं झालं, आपोआप बंद पडतं.” म्हातारं कसलं! नाक चोंदलेलं असतं त्याचं. धूळ काढायची, प्रोसेसरवरची उष्णता ओढून घेणारी, पण वाळून खडू झालेली पेस्ट पुसायची, नवी लावायची, तीही बेताने. परत चालू केल्यावर पंख्याचा आवाज नुसता श्वासासारखा येतो. गोट्या, तो आवाज ऐकला की मला फार बरं वाटतं.

आम्हाला सुटे भाग आणून देणारा एक आहे, त्याला आम्ही पार्ट्सवालाच म्हणतो. उंच आहे. येताना दर वेळी शटरला डोकं आपटतो आणि शटरलाच ‘सॉरी’ म्हणतो. माणूस चांगला आहे. का कोण जाणे, तुला हे लिहावंसं वाटलं.

बाकी सर्व ठीक. काळजी करू नकोस, म्हणजे खरोखरच करू नकोस.

तुझी,
ताई

शनिवार, २९ मार्च

प्रिय गोट्या,

आशीर्वाद. तू भलताच हुशार निघालास. मला न विचारता परस्पर सुनेला फोन केलास आणि तिला खोटं बोलता येत नाही हे तुला ठाऊक होतं. ‘पेन बदलल्याने माणसाची रेघ अशी थरथरत नाही’ असं लिहितोस. बरं बाबा, ऐक. हात भाजला होता. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं. आता नवी कातडी आलीय, गुलाबी, लहान बाळासारखी. हे पत्र त्याच हाताने लिहितेय, बघ किती सुधारलंय.

झालं असं. एक विमा एजंट लॅपटॉप घेऊन आला. झाकण नीट मिटत नव्हतं, बोट फिरवायची पट्टी वर उचलली गेली होती. सुनेने बघताक्षणी सांगितलं, “बॅटरी फुगलीय. चार्जिंगला लावू नका. संध्याकाळी या.” फुगलेली बॅटरी म्हणजे उतू जायला आलेलं दूध. ती खाली चिकटवलेली असते. तिला टोचायचं नाही, वाकवायचं नाही, प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू गोंद सोडवायचा. सून तेच करत होती. पण एजंटाला धीर कुठला? “मॅडम, माझी मीटिंग आहे, अशाने दिवस जाईल,” म्हणत तो टेबलावर वाकला आणि हातातल्या किल्लीने त्याने बॅटरीची कड उचकटली.

फुस्स असा आवाज झाला. पांढरा धूर, घशात बसणारा गोडसर वास. सुनेचं तोंड अगदी त्याच्यावर होतं रे. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तिला खांद्याने मागे ढकललं, लॅपटॉप कडेला धरून उचलला आणि दाराशी वाळूची बादली असते तिच्यात उभा टाकला. ती “आई, हात नका लावू!” असं ओरडेपर्यंत माझं काम झालं होतं. तेवढ्यात पार्ट्सवाला पोचला. त्याने हातातलं खोकं टाकलं, बादली पायाने रेटत फुटपाथवर नेली आणि दुसऱ्या बादलीची वाळू वर ओतली. जाळ एकदाच वर आला आणि बसला. एजंट कोपऱ्यात किल्ली धरून उभा. “मी फक्त मदत करत होतो,” म्हणे.

दुकान लोकांच्या मशीनांनी भरलेलं, धूर कोंडलेला. सुनेला जागा सोडता येईना. म्हणून पार्ट्सवाल्याने मला स्कूटरवर दवाखान्यात नेलं. तिथे नर्सने त्याला विचारलं, “तुम्ही यांचे कोण?”

तो गडबडला. म्हणाला, “मी यांना पार्ट्स देतो.”

“कसले पार्ट्स?” नर्सने असं काही बघितलं की एवढ्या आगीतही मला हसू आलं.

आता खरी गोष्ट. मागच्या पत्रात मी तिच्या आजूबाजूने फिरून आले. पट्टी बांधून होईपर्यंत त्याचा फोन वाजत होता. शेवटी त्याने घेतला आणि तोंड भिंतीकडे करून हळूच म्हणाला, “आईंना फार नाही भाजलं, खरंच. तू आधी पाणी पी. तुझा आवाज का असा येतोय? तू बाहेर मोकळ्या हवेत बस बघू.”

इतकी वर्षं दुकानात तो तिला ‘मॅडम’ म्हणतो. ‘मॅडम, पंखे आणलेत.’ ‘मॅडम, हा कीबोर्ड चालेल का बघा.’ आणि आता ‘तू’. आम्हा तिघांना, म्हणजे मला, त्याला आणि त्या नर्सला, एकदमच कळलं. नर्स गालातल्या गालात हसत ट्रे घेऊन गेली.

मी म्हटलं, “कधीपासून चाललंय?”

त्याचे कान लाल झाले. “आई, चाललेलं काही नाही. मी एकदा विचारलं. त्या नाही म्हणाल्या.”

“का? दुसरं कुणी आहे?”

“तुम्ही आहात,” तो म्हणाला. “म्हणाल्या, आईंना एकटं टाकून मी कुठे जाणार.”

गोट्या, परत येताना स्कूटरवर मी तोंड फिरवून बसले होते. त्याला वाटलं, हात दुखतोय. हात दुखतच होता. पण माझ्या मनात लेक होता. तो शेवटी शेवटी आजारपणात मला म्हणाला होता, ‘आई, हिला हसती ठेव.’ आणि मी काय केलं, तर तिच्याच दाराला टेकून बसले. खरं सांगू, आधी ते मला खुपलंही. लेकाची जागा कुणी दुसरा घेणार, हे ऐकायला सोपं असतं का? ते खुपणं एका रात्रीत गेलं नाही. पण गेलं.

मग एका सकाळी मी सुनेला समोर बसवलं. म्हटलं, “माझं कारण सांगून नाही म्हणायचं नाही. तुला तो आवडत नसेल तर तसं सांग.” ती रडली. तो आवडत नाही, असं मात्र म्हणाली नाही. मग मीच पार्ट्सवाल्याला फोन लावला आणि म्हटलं, “पुन्हा विचार. या वेळी मी दुकानात नसेन, भाजी आणायला जाईन.” भाजी आणली, ती लागतही नव्हती.

तर लग्न ठरलंय. मे महिन्यात, साधं, नोंदणी पद्धतीने. आणि म्हणून तुला लिहितेय की वरची खोली माझ्यासाठी ठेव. लग्न झालं की मी येते. नव्या जोडप्याच्या घरात पहिल्या नवऱ्याची आई कुठे शोभते? तुझी खोली हवेशीर आहे, भावजय मायाळू आहे, मला काही कमी पडणार नाही. छानच होईल.

तुमच्या जवळपास लॅपटॉप दुरुस्तीचं एखादं दुकान आहे का रे? सहज विचारतेय.

तुझी,
ताई

रविवार, १८ मे

प्रिय गोट्या,

तुम्हा दोघांना आशीर्वाद. रागावू नकोस. रागावलास तरी पत्र पुरं वाच.

लग्न छान झालं. साक्षीदार म्हणून मीही सही केली. पार्ट्सवाला इतका घाबरला होता की अधिकाऱ्याने ‘नाव सांगा’ म्हटल्यावर त्याने आधी वधूकडे बघितलं. सून इतकी मोठ्याने हसली की बाहेरच्या बाकावरचं जोडपंही डोकावून गेलं. ते हसणं मी किती वर्षांनी ऐकलं. माझे डोळे भरले, ते त्या हसण्याने आणि दुसऱ्याही एका आठवणीने. दोन्ही एकदमच आलं, मी कुठलंच अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी बॅग दाराशी आणून ठेवली. तुला गाडीची वेळ कळवायचीच बाकी होती. सून दात घासत बाहेर आली, बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“हे काय?”

“मामाकडे चालले. तुला सांगणारच होते.”

“किती दिवस?”

मी बॅगेची चेन उगाच ओढून बघितली. तिला कळलं. तोंडातला ब्रश काढून ती म्हणाली, “आई, माझा नवरा गेला तेव्हा तुम्ही माझी बॅग भरून दाराशी ठेवली होती का?”

“अगं, ते वेगळं.”

“काय वेगळं? तेव्हा मी कुणाची कोण उरले होते? तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. मग आता मी लग्न केलं तर तुम्ही कुणाच्या कोण, हे का विचारताय?” आणि भांडण सुरू असतानाच तिने तोंडावरचा फेस मनगटाने पुसला, लहान पोरीसारखा.

मी म्हटलं, “त्यालाही विचार. घर आता त्याचंही आहे.”

पार्ट्सवाला स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, चहाचे तीन कप घेऊन. म्हणाला, “आई, माझी आई मी शाळेत असतानाच गेली. मला इथे राहायला येताना वाटलं, चला, घरात एक मोठं माणूस आहे. तेच निघालं तर मी काय करू?” आणि मग घाईघाईने, “शिवाय हिच्या हातचा चहा रोज मला एकट्यालाच प्यावा लागेल.”

सुनेने त्याला चापट मारली. चहा त्याने केला होता आणि खरोखर चांगला होता. मी बॅग उचलली आणि आत नेली. सुनेने तिच्यातल्या साड्या माझ्या कपाटात लावल्या, सगळ्या चुकीच्या कप्प्यांत.

गोट्या, मी आयुष्यभर कुणाची तरी मुलगी, बायको, आई, सासू म्हणून कुठे ना कुठे राहिले. या घरात मी आता नेमकी कोण, याला शब्दच नाही आणि तरी मला ठेवून घेतलंय. नातं संपल्यावर कुणी आपल्याला मुद्दाम निवडतं, तेव्हा कसं वाटतं हे मला माहीतच नव्हतं. तुला सांगायला फक्त एवढंच जमतंय की मला भूक चांगली लागते आणि झोपही.

तू खोली सजवलीस, मीच ‘ठेव’ म्हटलं आणि आता मीच नाही म्हणतेय. तुला वाईट वाटेल. तू लिहिलं होतंस, ‘दुकानं इथेही आहेत ताई, पण तू ज्या दुकानाबद्दल विचारतेयस ते इथे नाही.’ ते वाचून मी पत्र घडी करून बराच वेळ हातात धरलं होतं. तुला माझ्याआधी कळलं होतं.

आता सुनेने मला झाळकाम, म्हणजे सोल्डरिंग, शिकवायला घेतलंय. काल एका विद्यार्थिनीच्या मशीनचा चार्जिंगचा तुटलेला पॉइंट मी स्वतः बसवला. सून शेजारी श्वास रोखून उभी. केबल लावली आणि कडेचा छोटा दिवा लागला. ती मुलगी म्हणाली, “आजी, झालं?” म्हटलं, “झालं.” तिचा सगळा अभ्यास त्यात होता, ती पळतच गेली, झाकण बंद करायलाही विसरली.

पुढच्या महिन्यात दुकान रंगवायला काढणार आहेत, तेव्हा काही दिवस तुमच्याकडे येईन. परतीचं तिकीट आधीच काढून येतेय, भावजयीला तेवढं नीट समजावून सांग. येताना हत्यारांची पिशवी आणते. तुझ्या लॅपटॉपचा पंखा फोनमधूनसुद्धा ऐकू येतो.

पाहुणी म्हणून येणारी,
तुझी ताई