ऑफिसचा चढ

३ मार्च
ताईच्या व्हीलचेअरला मोटर बसवली. मागे एक छोटं चाक. मनगटावरच्या पट्ट्यावर टिचकी मारली की खुर्ची आपोआप पुढे. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, दिवसभर चाकं फिरवून खांदे झिजलेत. मी म्हणालो, ऑफिसच्या चढाला मी आहेच. अठरा वर्षं आहे. ताई म्हणाली, असू दे रे, लागली तर लागली.
माझा विरोध स्वार्थातून आहे का? तपासून पाहिलं. नाही.

४ मार्च
संकल्प : रोज सहाला उठून व्यायाम. चव्वेचाळिशीत ताकद टिकवायला हवी. मोटरच्या भरवशावर माणसाला सोडता येत नाही.

५ मार्च
व्यायाम उद्यापासून. तरी चढ हलका वाटला. नुसत्या संकल्पाचाही परिणाम होत असावा.

९ मार्च
व्यायाम नाही (सर्दी). पण चढावर गप्पा मारत गेलो. वॉचमन म्हणाला, भाऊ, वय उलटं चाललंय की तुमचं. ताई हसली असावी; मागून चेहरा दिसत नाही, खांदे हलले.

१४ मार्च, ८.५०
चढ पाच मिनिटांत. पूर्वी अकरा. ताईला म्हटलं, मोटर परत करू, फुकट तिचं वजन ढकलतोय मी. म्हणाली, बघू.

१६ मार्च
मेकॅनिक तपासणीला आला. मोबाइलमध्ये मोटरची नोंद बघून म्हणाला, मस्त वापरताय ताई, रोज नऊच्या आत, चढावर. मी म्हणालो, मशीन चुकतंय. तो ताईकडे बघायला लागला.
तो गेल्यावर विचारलं, कधीपासून? पहिल्या दिवसापासून, म्हणाली. मग बोलली का नाहीस? तर म्हणे, तुझा चेहरा पडला असता.
याच चढासाठी मी बाहेरगावची लेक्चररची नोकरी नाकारली, याची आठवण दिली. ती म्हणाली, तुझी बॅग मी भरून दिली होती. चार दिवस पलंगाखाली पडून होती. तूच कपडे काढून परत कपाटात लावलेस.
असं काही आठवत नाही.
प्रामाणिकपणे लिहायचं तर, बॅग निळी होती.

१७ मार्च
निम्म्या चढावर हँडल सोडून पाहिलं. खुर्ची त्याच वेगाने वर गेली. ताई साहेबांच्या बदलीचं काहीतरी सांगत होती, ते सांगतच राहिली.
धावत जाऊन पुन्हा हँडल धरलं. ताईने विचारलं, दमलास? थांबू या का जरा?
म्हटलं, चढच तसा आहे.