हे कारण नव्हे

गुरुजी,

आज तुमच्यावर रागावून लिहितो आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं उलटली, मी स्वतः त्र्याहत्तरीला आलो, तरी हा राग पाचवीतल्या पोराचाच आहे आणि तो इतकी वर्षं कुठे दबा धरून बसला होता देव जाणे. निमित्त झालं संगणकाच्या दुकानाचं. परवा त्या दुकानात माझ्या मुलाने तुमचं वाक्य माझ्या तोंडावर फेकलं. त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. शब्दही आमच्या घरच्या अहिराणीतले होते. पण ऐकलं आणि मी थेट कोरीटच्या शाळेच्या पडवीत जाऊन उभा राहिलो, अर्ध्या चड्डीत.

ती पडवी तुम्हाला आठवत असेलच. शेणाने सारवलेली, एका बाजूने उघडी, पलीकडे बैलांच्या घंटा. तुम्ही वरच्या मुलखातून बदलून आलेले, मे महिन्यातही कोट न काढणारे. कविता शिकवताना डोळे मिटायचे आणि डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचे. ज्या माणसाने मला कविता दिली त्याच्यावर मी रागावतो आहे हे मला कळतं. पण त्या दिवशी तुम्ही प्रत्येकाला उभं करून विचारलंत, सगळ्यात आवडती कविता कोणती आणि का. पहिल्या बाकावरचा हुशार पोरगा नदीची कविता म्हणाला, अनुप्रासामुळे म्हणाला, आणि तुमचा चेहरा उजळला. माझी पाळी आली. मी पाखराची कविता म्हणालो. का, असं विचारलंत तेव्हा पुस्तकी मराठी आठवेना, म्हणून जे खरं होतं तेच बोललो.

"गुरुजी, मन्ही माय हाई कविता भाकरी थापता थापता म्हणस."

वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, हसला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही तर्जनी वर केलीत आणि शांतपणे म्हणालात, "हे कारण नव्हे. हे आईवरचं प्रेम झालं, कवितेवरचं नाही. खाली बस." मी खाली बसलो आणि अंगठ्याच्या नखाने सारवण उकरत राहिलो.

माझी आई निरक्षर होती. मी चुलीपाशी बसून कविता पाठ करायचो आणि ती कळण्याची भाकरी थापता थापता म्हणायची, आखो एकदाव म्हण ना रे भाऊ. चार दिवसांत कविता तिच्या तोंडी बसायची, तिच्या चालीत. तिची चाल एकच होती. जात्यावर तीच, पाळण्याला तीच आणि कवी कोणीही असो, तीच. पाखराची कविता तिला फार लागली होती. ती म्हणते आहे, तव्यावर भाकरी फुगते आहे आणि थापण्याचा ताल बरोबर ओळीच्या शेवटी पडतो आहे. हे मला आत्ताही दिसतं, चष्म्याशिवाय दिसतं. त्या दिवसानंतर मी आठवडाभर पुस्तक घेऊन बाहेर ओट्यावर बसलो. तिने कारण विचारलं नाही. आत एकटीच म्हणत राहिली.

आता संगणकाचं. तुम्ही असताना तो आमच्याकडे आला नव्हता. टाइपरायटर आणि टीव्ही यांचं लग्न लावून द्यावं तसं ते यंत्र. मी कचेरीत कारकून होतो. पन्नाशीला आलो तेव्हा आम्हाला त्याच्यासमोर बसवलं, नवी पोरं तोंड फिरवून हसायची, पण मी शिकलो. पुढे कचेरीत ज्या कंपनीचा होता त्याच कंपनीचा घरी आणला. नाव लिहीत नाही, तिची जाहिरात मी वीस वर्षं फुकट केली आहे, तेवढी पुरे. असं करणारा मी काही एकटा नाही. सकाळी माझ्यासोबत फिरायला येणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते त्यांच्या शाखेत होती ती कंपनी सोडून दुसरीचं नाव काढू देत नाहीत, काढलं की भराभर पुढे चालू लागतात. आणि आमच्या कोरीटमध्ये ज्याच्या बापाने लाल ट्रॅक्टर घेतला त्याचा नातूही लालच घेतो. त्याला कोणी उभं करून विचारत नाही, का रे बाबा लालच का.

त्या यंत्रात मी कविता उतरवल्या, गुरुजी. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या, तुमच्या आणि तुमच्या आधीच्या गुरुजींनी पाठ करून घेतलेल्या, पुस्तक न बघता. एकेका कवितेची एकेक फाइल. निवृत्तीनंतरची माझी दुपार त्यातच जायची. यंत्र चालू केलं की चार सुरांची एक धून वाजायची. ती वाजली की स्वयंपाकघरात माझी बायको चहाचं आधण ठेवायची. तिला संगणकातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण धून कळायची. ती गेल्याला सहा वर्षं होतील. धून वाजत राहिली. वाजली की मी अजूनही स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचो. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतो आहे.

मधे दोनदा आतडी बदलूनही ते यंत्र यंदा मिरचीच्या हंगामात गेलं. इथे नंदुरबारला आमच्या गल्लीच्या टोकाला मिरची वाळत घालतात, तुम्हाला ते लाल रान ठाऊक आहेच. दुकानदाराने डबा उघडला तर पंख्यावर तिखटाचा थर. तो शिंकला, माझा मुलगा शिंकला, माझी नात शिंकली आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत शिंका पोचल्या. हा दुकानदार भला माणूस आहे. त्याचे वडील आमच्या कचेरीचे टाइपरायटर दुरुस्त करायचे, ईदला शीरखुर्म्याचा डबा घरी यायचा, अजून येतो. त्याने जुन्या यंत्रातल्या माझ्या कविता अंगठ्याएवढ्या एका कांडीत भरल्या आणि त्याच्या पडद्यावर एकेक उघडून दाखवली. सगळ्या आल्या. एक मात्र कोरी निघाली, वर नाव आणि खाली काही नाही. तो हळहळला, म्हणाला, फाइल करप्ट व्हई गयी वाटस, आण्णा. म्हणजे खराब झाली असावी. मी म्हटलं, असेल.

मग नवा कोणता घ्यायचा यावर बसलो. माझ्या मुलाने आठ दिवस मोबाइलवर चित्रफिती बघून तिसरीच एक कंपनी ठरवली होती. तिच्यात किती काय बसतं आणि ते किती वेगाने धावतं याची फैर त्याने झाडली. माणूस जावई पारखतानाही इतकं विचारत नसेल. मी माझ्या कंपनीचं नाव घेतलं. दुकानदाराने अगदी अदबीने विचारलं, त्याच कंपनीचा का. आणि मी म्हातारा मूर्ख खरं बोललो. म्हटलं, तो चालू होताना वाजतो, ते मला आवडतं.

"आण्णा," माझा मुलगा म्हणाला, "हाई काय कारण शे का?"

ऐकलंत, गुरुजी? बासष्ट-त्रेसष्ट वर्षांनी. तो हसत होता, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. दुकानदार हसला नाही. त्याने माझी समजूत घालावी म्हणून खरं काय ते सांगितलं आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं. म्हणाला, "ती धून कंपनीनी नव्हती, आण्णा. आतल्या सिस्टिमनी व्हती. तवय समदा मशीनमा वाजे." म्हणजे त्या काळच्या सगळ्याच यंत्रांत, सगळ्याच कंपन्यांच्या यंत्रांत ती वाजत होती. बँकवाल्याच्या घरीसुद्धा. वीस वर्षं मी ज्या कंपनीशी एकनिष्ठ राहिलो तिचा त्या धुनीशी काडीचा संबंध नव्हता.

मी आतून पेटलो होतो आणि तो राग दुकानदारावर नव्हता, मुलावरही नव्हता, तुमच्यावर होता. आवडीला परीक्षेला बसवायची ही खोड कोणी लावली? अनुप्रास म्हटला की पास, माय म्हटली की खाली बस. आज अनुप्रासाच्या जागी यंत्राचा वेग आला, एवढाच फरक. आणि तुम्ही स्वतः या परीक्षेत कुठे बसला होतात, ते आज सांगतोच. मी नोकरीला लागल्यावर एकदा तुम्ही मला नंदुरबारच्या बाजारात भेटलात, आठवतं? शाई शोधत होतात. एकाच कंपनीची हवी होती. पहिल्या दुकानात दुसरी होती, तुम्ही बाटलीला हातही लावला नाही. दुसऱ्या दुकानदाराने दोन्ही शाया कागदावर ओढून दाखवल्या, मला तर दोन्ही निळ्याच दिसल्या. तिसऱ्या दुकानात मागच्या फळीवर धूळ खात पडलेल्या दोन बाटल्या निघाल्या आणि तुमचा चेहरा तसाच उजळला, अनुप्रासाला उजळला होता तसा. मी भीत भीत विचारलं, गुरुजी, हीच का? तुम्ही बाटली कोटाच्या बाहीने पुसत म्हणालात, "आमचे वडील हीच वापरायचे."

हे कारण होतं का, गुरुजी? माझ्या जिभेवर आलं होतं. तर्जनीसुद्धा उचलली गेली असती. पण दोनपैकी एक बाटली तुम्ही माझ्या हातात ठेवलीत, म्हणालात, तू कविता लिहून काढतोस ना, घे. मी भर बाजारात तुमच्या पाया पडलो. ती बाटली माझ्या कपाटात आहे. शाई केव्हाच वाळून गेली, तळाशी खपली आहे. तीही मी टाकत नाही, आणि का टाकत नाही ते मला विचारू नका.

इथपर्यंत माझा राग खरा होता. पुढचं लिहायला लाज वाटते.

संगणक मुख्यतः माझ्या नातीसाठी घ्यायचा होता, ती यंदा कॉलेजला गेली. मुलाने तिला विचारलं, तुला कोणता हवा? तिने काचेमागच्या एका लॅपटॉपकडे बोट केलं. मी नुकताच हरलेला, तोंड भाजलेला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, का? ती म्हणाली, "मन्ही मैत्रीणकडे हाऊच शे, आबा." ती मैत्रीण तोरणमाळकडची, दोन वर्षं इथल्या वसतिगृहात होती. दोघी तिच्या लॅपटॉपवर डोक्याला डोकं लावून शिकल्या. आता ती नाशिकला गेली. हे सगळं मला ठाऊक होतं, गुरुजी. माझ्याच ओट्यावर बसायच्या त्या. आणि तरी मी तर्जनी वर केली आणि शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणालो, "हे कारण नव्हे."

ती चपलेतून अंगठा बाहेर काढून फरशीवर नखाने रेघ ओढू लागली. फरशी उकरली जात नाही, एवढंच. मग म्हणाली, "तुम्हले पटी तो ल्या, आबा." त्यानंतर घरी येईपर्यंत, जेवताना, अंगणात, ती माझ्याशी बोलली, पण जेवढ्यास तेवढं. मला पटेल तो घ्या म्हणे. माझ्या आईनेही मला ओट्यावर बसलेलं पाहून काही विचारलं नव्हतं.

माल सुरतेहून येतो, म्हणून दुकानदाराने आज दुपारपर्यंत नाव कळवा म्हणून सांगितलं होतं. सकाळी मुलाने त्याच्या कंपनीचं पुन्हा एकदा गुणगान केलं आणि तो कामावर गेला. मी फोन लावला आणि नातीने दाखवला होता त्याचं नाव सांगितलं. दुकानदाराने विचारलं, आण्णा, काबर? मी म्हटलं, तिला आवडतो. तो म्हणाला, बस, व्हई गयं. इतकं सोपं होतं. मुलाला संध्याकाळी सांगेन. तो चिडेल, आकडे सांगेल, सांगू दे.

जेवताना नातीला सांगितलं. तिने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला, तर्जनी वर केली आणि हुबेहूब माझ्या, म्हणजे तुमच्या आवाजात विचारलं, "कारण काय, आबा?" सून तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, गुपचूप जेव. तेव्हा कुठे ती खळखळून हसली आणि लगेच तिने मैत्रिणीला फोन केला, खरकट्या हाताने.

तेव्हा हे पत्र तुमच्याविरुद्ध आहे आणि विरुद्धच राहील. मायच्या तोंडची कविता आवडते हे कारण आहे. वडिलांची शाई हे कारण आहे. मैत्रिणीसारखा लॅपटॉप हेही कारण आहे, आणि पुढच्या जन्मी मला पाचवीत उभं केलंत तर मी खाली बसणार नाही.

हे पत्र तुमच्या त्या शाईच्या बाटलीखाली ठेवणार आहे. पाठवायचं कुठे? पण मिटण्याआधी एक गोष्ट कबूल करतो, ती नातीलाही सांगितली नाही आणि त्या भल्या दुकानदारालाही नाही. कोरी निघालेली ती फाइल खराब झाली नव्हती. ती पाखराची कविता होती. वर नाव टाइप करून मी तिच्यासमोर किती दुपारी बसलो ते मोजलेलं नाही. बाकी सगळ्या कविता तोंडपाठ आहेत, तुमची अनुप्रासाची नदीसुद्धा. या एका कवितेचा एकही शब्द मला येत नाही, गुरुजी. चाल तेवढी येते.