अख्खी शाळा गैरहजर

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि काल हिंजवडीच्या ऑफिसात मी तुमचं नाव काढलं. चांगल्या कारणानं नव्हे.

कर्वेनगरचा तो फ्लॅट, म्हणजे आपली कंपनी. शाळेतली गणिताची नोकरी सोडून तुम्ही आमच्या प्रमुख झालेल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तुमचा कॉम्प्युटर, सिंकच्या वर फळा. शाळांच्या हजेरीचं सॉफ्टवेअर आपण चौघं मिळून लिहीत होतो. पालकांना मेसेज पाठवणाऱ्या भागाला हात लावायचा तर आधी फळ्यावर नाव लिहायचं, एका वेळी एकच नाव, हा तुमचा नियम. एके दिवशी माझ्या लक्षात येतं की मेसेज उलटे जाणार आहेत: हजर मुलांच्या घरी 'गैरहजर'. फळ्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचं नाव आहे. एका शब्दाचं तर काम, म्हणून मी कुणाला न विचारता उलट्याचं सुलट करतो. त्यानंही नेमकं तेच, दुसऱ्या फाइलमध्ये, केलेलं असतं. दोनदा फिरवल्यावर ते पुन्हा उलटंच झालं.

सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. आवाज बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता. "अहो, तुमच्या हिशेबानं अख्खी शाळा गैरहजर आहे, आणि मला समोर प्रार्थना ऐकू येतेय! फाटकात पालकांची गर्दी झालीय. एक आई मुलाला वर्गात बघून आली, तरी विचारतेय, नक्की हजर आहे ना?" ज्या दोघांनी खरंच दांडी मारली होती, त्यांच्या घरी तेवढी शांतता होती. ही शाळा आता हातची जाणार असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे. मी स्वतः येऊन पालकांशी बोलते." फोन ठेवलात आणि माझ्याकडे वळलात. "फळ्यावर नाव लिहायला लाज वाटते, की शुद्धलेखन आडवं येतं?" मग रिक्षा करून गेलात, तासभर फाटकात उभं राहून माफी मागितलीत. शाळा टिकली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर खडूंची नवी पेटी होती. "तुमच्यासाठी आणलीय. आता सबब दुसरी शोधा."

आता माझ्या हाताखाली वीसजण आहेत. निम्मे घरूनच काम करतात. वाघोलीचा एकजण तर ट्रॅफिकच्या भीतीनं ऑफिसचा रस्ताही विसरलाय. सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं आहे, चूक झाली तर दातदुखीवाला हाडांच्या डॉक्टरसमोर जाऊन बसेल. त्यातला एक जुना, नाजूक भाग बदलायचाय, म्हणून मी बजावलं होतं: गुरुवारपर्यंत मला विचारल्याशिवाय कुणी आपला कोड मुख्य कोडात मिसळायचा नाही. काल मीटिंगमध्ये एक मुलगी म्हणाली, "सर, एकच लाइन आहे, पटकन टाकू?" मी तिला त्या शाळेची गोष्ट सांगितली. समोरचे आणि स्क्रीनवरचे, सगळे खो खो हसले. तिनं लाइन मागं घेतली, आणि मग विचारलं, "पण सर, न विचारता हात लावला कुणी होता?"

वीस चेहरे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "आमच्या बाईंनी."

सोमवारी सगळ्यांना खरं सांगेन, असं एक वाक्य इथं लिहिलं होतं. ते आत्ताच खोडलं.