तानूबाईच्या कार्डावर

३ फेब्रु.
निपाणीला आले. आईचा खोकला वाढलाय. औषधांचा खर्च माझ्या शिलाईवर झेपेना. शेजारच्या कमळाआक्कांना बिडीची पेन्शन लागलीय. आईनेही एकोणीस वर्षं बिड्या वळल्या की! तिला का नको? उद्या कागद शोधते.

४ फेब्रु.
पेटी उघडली. पानं कापायचा पत्रा, कडा झिजलेल्या. कात्री. सुताचं रीळ. सगळ्याला अजून तंबाखूचा वास. आईने कात्री घेतली नि बोटं आपोआप बसली.
"हजाराला अडीच रुपये मिळायचं गं सुमे. त्यात छाट. वाईट हाय म्हणून कारखान्यातली माणसं मूठभर बिड्या बाजूला टाकायची. त्येचं पैसं न्हाईत, आन् त्याच बिड्या पुन्हा इकायची." हसत सांगते. मला हसू येईना.
तळाशी बिडी कामगाराचं कार्ड. फोटो आईचा नाही. नाव तानूबाई. माझी आत्या!

५ फेब्रु.
विचारलं. आत्याला कार्ड मिळालं आणि लगेच लग्न होऊन ती कणकुंबीला गेली. नवीन कार्डं बंद होती, म्हणून आई त्याच कार्डावर, आत्याच्याच नावाने, बिड्या वळायला बसली. "समद्याच बसायच्या तशा. कारखान्याला बिड्यांशी मतलब."
आत्या पहिल्या बाळंतपणातच गेली. मूलही राहिलं नाही. आई मात्र तिच्या नावावर वळतच राहिली. "किती वेडी गं तू," बोलून गेले. दिवसभर खात राहिलं ते.

९ फेब्रु.
आईला घेऊन बेळगावला, पेन्शनच्या ऑफिसात. दोन तास बाकावर. क्लार्कने आईच्या नावाने, "शेवंता" म्हणून दोनदा हाक मारली. आई हललीच नाही. मग त्याने कार्ड उघडून कानडीत विचारलं, "तानूबाई यारू?" तानूबाई कोण? तशी ताडकन उठली. "व्हय जी, आले."
त्याने फोटो बघितला, आईकडे बघितलं, अर्ज परत दिला. "शेवंता हेसरल्लि एनू इल्ल." शेवंताच्या नावावर काहीच नाही.
परतताना बसमध्ये आई म्हणाली, "चुकलंच माझं." कुणाचं चुकलं, आई? मला रडायलाही येईना.

१२ फेब्रु.
ऑफिसबाहेर एक एजंट बसतो. म्हणाला, "शेवंता ऊर्फ तानूबाई, बाई एकच, असं अफिडेविट करूया. फोटो जुना, कोन वळखतंय?" खोटं आहे. पकडलं तर आईलाच भोवेल. तरी पटतंय, याचीच लाज वाटते.
आणि पेन्शन लागली तर शेवंता कुठंच नव्हती, असं माझ्याच हाताने लिहून देणार मी. एकोणीस वर्षं... जाऊ दे.

१५ फेब्रु.
कागद तयार. सकाळी आईला वाचून दाखवला.
"मंजी मी कोन हुते म्हणून लिवलंय?"
सांगितलं. आई म्हणाली, "वन्सं गेल्या तवा तीन दिस सुतक धरलं. चवथ्या दिशी कारखान्यात त्येंच्याच नावाला ओ दिली. तवा बी कुनी इचारलं न्हाई."
तिच्या अंगठ्याला शाई लावली. कागद पुढे सरकवला. आई शाईचा अंगठा तसाच वर धरून बसलीय. मी हात धरून टेकवत नाही, आणि पुसतही नाही. शाई वाळत चाललीय.
औषध उद्यापर्यंतच पुरेल.