कुंकवाखालचा बिंदू

शनिवार, सायंकाळ

मी विनायक महादेव चौगुले, वाणिज्य पदवीधर, शिक्षकांना डिजिटल फळा वापरायला शिकवणारा प्रशिक्षक, आजचा आनंद शिळा होण्यापूर्वी नोंदवून ठेवतो.

हातकणंगल्याच्या शाळेत भूमिती शिकवणाऱ्या मगदूम बाईंनी प्रशिक्षण सुरू झाल्यापासून फळ्याला बोट लावले नव्हते. "बिघडला तर माझ्या नावावर नको," एवढेच म्हणत. आज शेवटचा दिवस. त्या तशाच राहिल्या असत्या, तर ते अपयश माझे ठरले असते.

दुपारी त्या उठल्या, पण कुंकवाची डबी घेऊन. नव्या वस्तूची पूजा राहिली होती म्हणे! पडद्याला ओले बोट लावू नये, हा माझा पहिला नियम. मी हरकत घेणार, इतक्यात तरुण माने सर ओरडले, "बाई, शॉक बसंल हं!"

"बसू दे की! तुला काय त्याचं?"

कुंकवाचे ओले बोट टेकले. फळ्यावर बोटाने लिहिता येण्याची सोय, म्हणजे लेखणी, मी सुरूच ठेवली होती (चूक, की भाग्य?), त्यामुळे कुंकवाखाली काळा बिंदू उमटला. बाई थबकल्या. मग थोड्या अंतरावर पुन्हा बोट टेकवले, दोन्ही बिंदू रेषेने जोडले आणि वळून खणखणीत आवाजात विचारले, "दोन बिंदूंतनं सरळ रेषा किती जात्यात रं, माने?"

"एकच, बाई!" सारे शिक्षक एका सुरात.

पुढे तासभर त्यांनी ना खडू मागितला, ना माझा सल्ला.

शेवटी नियमाप्रमाणे मी पडदा पुसला. कुंकू गेले, त्याखालचा बिंदू राहिला. तो खोडण्याचे बटण मात्र आज माझ्याने दाबवले नाही.

वि. म. चौगुले
कोल्हापूर, डिसेंबरचा पहिला शनिवार